सात जूनचा मॅलरी

जॉर्ज मॅलरी हे नाव निघाले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : तो एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचला होता की नव्हता? ८ जून १९२४ रोजी दुपारी शिखराच्या धारेवर दोन ठिपके दिसले, ढग आले, ठिपके दिसेनासे झाले आणि त्यानंतर मॅलरी व त्याचा तरुण सोबती अँड्र्यू अर्विन यांना जिवंत कोणीही पाहिले नाही. तेनसिंग आणि हिलरी शिखरावर उभे राहिले ते २९ मे १९५३ रोजी. मग त्यांच्या एकोणतीस वर्षे आधीच हे दोघे तेथवर पोचले होते काय, या एका शंकेवर आजवर कपाटभर पुस्तके लिहिली गेली आहेत.

मी इतिहासाचा विद्यार्थी. पुरावा संपतो तेथे विधानही संपले पाहिजे, असे आम्हांला वर्गात शिकवितात. तेव्हा हा प्रश्न मी आरंभीच हातावेगळा करतो. १९३३ च्या मोहिमेला वरच्या धारेखाली एक बर्फकुऱ्हाड सापडली. ती अर्विनची असे ठरले. १९७५ मध्ये एका चिनी गिर्यारोहकाला त्याच भागात जुन्या काळच्या एका इंग्रजाचे प्रेत दिसले. ही हकीकत त्याने १९७९ मध्ये आपल्या जपानी सोबत्याला सांगितली आणि दुसऱ्याच दिवशी तो स्वतः हिमप्रपातात गेला. १ मे १९९९ रोजी कॉनराड अँकर या अमेरिकन गिर्यारोहकाला सुमारे २६,७६० फुटांवर मॅलरीचा देह सापडला. कमरेला तुटलेला दोर, उजवा पाय मोडलेला, खिशात बर्फाचा चष्मा, आणि रुमालात गुंडाळलेली घरची पत्रे. शिखरावर ठेवण्यासाठी त्याने बायकोचे छायाचित्र बरोबर नेले होते असे त्याची मुलगी सांगत असे. ते खिशात नव्हते. २०२४ च्या सप्टेंबरात खालच्या हिमनदीवर एक बूट मिळाला आणि आतल्या मोज्यावर अर्विनचे नाव शिवलेले होते. ज्याच्यात कदाचित उत्तर असेल तो कॅमेरा मात्र मिळालेला नाही. चष्मा खिशात होता म्हणून अंधार पडल्यावर ते उतरत असावेत, छायाचित्र नव्हते म्हणून ते वर ठेवले असावे, हे सारे तर्क आहेत. तर्क करायला माझी हरकत नाही; पण त्यावर एखाद्या माणसाचे चरित्र उभारायला आहे.

माझ्या मते मॅलरी कळावयाचा असेल तर ८ जून १९२४ या तारखेपाशी घुटमळून उपयोग नाही. त्याच्या दोन वर्षे आधीच्या ७ जूनपाशी गेले पाहिजे. त्या दिवशी तो शिखरापासून फार दूर होता, आणि त्या दिवसाबद्दल कोणालाही काही शंका नाही.

मॅलरीचा जन्म १८ जून १८८६ रोजी इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यातील मॉबर्ली या खेड्यात झाला. वडील तेथील धर्मोपदेशक. पोरगे लहानपणापासून उंचावर चढणारे. वडिलांच्या चर्चचे छपरही त्याने सोडले नाही. गणिताची शिष्यवृत्ती मिळवून तो विंचेस्टरच्या शाळेत गेला. तेथील एका शिक्षकाला डोंगरांचा नाद होता आणि त्याने १९०४ मध्ये या मुलाला आल्प्स पर्वतात नेले. पुढचे सारे त्या एका सुट्टीतून निघाले असे म्हणावे लागते. एखादा शिक्षक अभ्यासक्रमाबाहेरचे काहीतरी शिकवितो आणि विद्यार्थ्याचे आयुष्यच वेगळ्या रुळावर जाते, हे आपल्याकडेही घडते.

१९०५ मध्ये तो केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात इतिहास शिकण्यासाठी दाखल झाला. तेथे त्याचा गोतावळा गिर्यारोहकांचा नव्हता; तो कवी, चित्रकार आणि टीकाकार यांचा होता. रूपर्ट ब्रूक, जेफ्री केन्स, लिटन स्ट्रेची ही मंडळी त्याच्या परिचयातली. तो दिसायला विलक्षण देखणा होता आणि डंकन ग्रँटने त्याची चित्रे काढली. इतके सगळे असून तो नुसता देखणा पोरगा राहिला नाही. जॉन्सनचा चरित्रकार जेम्स बॉस्वेल याच्यावर त्याने एक निबंध लिहिला आणि १९१२ मध्ये त्याचे पुस्तक निघाले. मला ही गोष्ट फार अर्थपूर्ण वाटते. ज्याने चरित्रकारावर पुस्तक लिहिले, त्याचीच चरित्रे पुढे डझनावारी निघाली, आणि त्यांतली बरीचशी त्याच्या मृत्यूचीच चरित्रे आहेत.

१९१० पासून मॅलरी चार्टरहाउस या नामांकित शाळेत मास्तर होता. तो मोठा मास्तर होता असा समज कोणी करून घेऊ नये. वर्गात त्याला धाक बसविता येत नसे. गुरू आणि शिष्य यांच्यामध्ये भिंत असू नये असे त्याला वाटे आणि पोरांना ती भिंत नसल्याचा फायदा चांगलाच ठाऊक होता. वर्गात गोंधळ चाले. पण ज्या थोड्या मुलांना त्याचे मोल कळले त्यांना तो जन्मभर पुरला. पुढे कवी म्हणून गाजलेला रॉबर्ट ग्रेव्हज हा त्यांतला एक. मॅलरीने त्याला पुस्तके दिली, डोंगरावर नेले, आणि १९१८ मध्ये ग्रेव्हजच्या लग्नात वराचा पाठराखा म्हणून हाच मास्तर उभा होता. आपला शिक्षक या शाळेत वाया गेला अशी खंत ग्रेव्हजने पुढे व्यक्त केली आहे.

२९ जुलै १९१४ रोजी रूथ टर्नर या मुलीशी मॅलरीचे लग्न झाले आणि सहा दिवसांत इंग्लंड महायुद्धात उतरले. शिक्षकांना लगेच सैन्यात जाण्याची मोकळीक नव्हती. मित्र मरत असल्याच्या बातम्या येत होत्या आणि हा वर्गावर इतिहास शिकवीत होता. हे त्याला सोसवेना. अखेर तो तोफखान्यात दाखल झाला आणि १९१६ मध्ये सॉमच्या आघाडीवर गेला. तेथून तो जिवंत परतला. त्याच्या पिढीतले असंख्य परतले नाहीत. एव्हरेस्टच्या पहिल्या मोहिमांतली बहुतेक माणसे अशी युद्धातून निघालेली होती, हे ध्यानात ठेवल्याखेरीज त्यांचे धाडस नीट कळत नाही. मरण त्यांना नवीन नव्हते. त्यामुळे कित्येकदा दुसऱ्याचे मरणही त्यांना नेहमीचे वाटण्याचा धोका होता. मॅलरीला ते तसे वाटले नाही, एवढेच मला पुढे सांगावयाचे आहे.

एव्हरेस्टवर जाण्याची वाट त्या काळी उत्तरेकडून, तिबेटातून होती; नेपाळ परकीयांना बंद होता. तेराव्या दलाई लामांनी परवानगी दिल्यावर १९२१ मध्ये पहिली पाहणी मोहीम दार्जिलिंगहून निघाली. नेता हॉवर्ड-ब्युरी. मॅलरीचे वय तेव्हा चौतीस, घरी तीन मुले, धाकटा मुलगा जेमतेम वर्षाचा. त्याने शाळेची नोकरी सोडली आणि तो निघाला.

शेकडो मैलांची ही पायपीट सुरू झाली तेव्हा पर्वताजवळ पोचण्याची वाटसुद्धा कोणाला माहीत नव्हती. वाटेतच, कांपा झोंगजवळ, डॉ. केलस वारले. शेर्पा लोकांची योग्यता ज्या थोड्या युरोपियनांनी प्रथम ओळखली त्यांपैकी हे एक. त्यांच्यामागून मॅलरी आणि त्याचा शाळासोबती बुलक या दोघांवरच वाट शोधण्याचे काम येऊन पडले. त्यांनी भारवाहकांना दोर बांधणे, बर्फकुऱ्हाड वापरणे, बर्फात पायऱ्या खोदणे शिकविले. चार्टरहाउसमध्ये ज्याचा वर्ग आटोक्यात राहत नव्हता त्या मास्तरला येथे विद्यार्थी मिळाले.

मॅलरीचा विसराळूपणा याच मोहिमेत गाजला. महिनाभर मेहनत करून त्याने छायाचित्रे घेतली, आणि काचा कॅमेऱ्यात उलट्या बसविल्यामुळे ती सगळी कोरी निघाली. पुन्हा त्याच जागी चढून पुन्हा सारे टिपावे लागले. पूर्व रोंगबुक हिमनदीचे अरुंद मुखही त्याच्या नजरेतून सुटले. ते ध्यानात आले सर्व्हे ऑफ इंडियातर्फे आलेल्या ऑलिव्हर व्हीलर या मोजणीदाराच्या. मात्र २४ सप्टेंबर १९२१ रोजी मॅलरी, बुलक आणि व्हीलर सुमारे २३,००० फुटांवरच्या नॉर्थ कोल या खिंडीवर पोचले. आपल्याकडे दोन डोंगरांमधल्या खिंडीतून वारा कसा घोंगावतो हे सह्याद्रीत हिंडलेल्यांना माहीत आहे. त्या खिंडीतला वारा त्यांना उभे राहू देईना. पण वाट सापडली होती.

पुढच्या वर्षी, १९२२ मध्ये, जनरल ब्रूसच्या नेतृत्वाखाली प्रत्यक्ष चढाईची मोहीम निघाली. २१ मे रोजी मॅलरी, नॉर्टन आणि सॉमर्व्हेल हे तिघे प्राणवायूच्या नळकांड्यांवाचून सुमारे २७,००० फुटांपर्यंत पोचले. तोवर इतक्या उंचीवर कोणीही पाऊल ठेवल्याची नोंद नव्हती. उतरताना, हिमदंशाने जायबंदी झालेला मोर्सहेड घसरला आणि त्याच्याबरोबर दोराला बांधलेले आणखी दोघे ओढले गेले. मॅलरी पुढे होता. त्याने मागचा आवाज ऐकला आणि क्षणात कुऱ्हाड बर्फात रोवून दोर तिच्याभोवती टाकला. दोर ताणला गेला, पण तुटला नाही. तिघांचे प्राण त्या एका हालचालीने वाचले. घरी छायाचित्रांच्या काचा उलट्या घालणारा, तंबूत बूट विसरणारा हा माणूस कड्यावर उभा राहिला की वेगळाच होई.

सहा दिवसांनी फिंच आणि जेफ्री ब्रूस हे प्राणवायूच्या साहाय्याने त्याहून थोडे अधिक उंच गेले. येथे मोहीम थांबविली असती तर तिची गणना यशात झाली असती. पण मॅलरीला तिसरा प्रयत्न हवा होता. पावसाळा तोंडावर आला होता, जूनच्या आरंभी भरपूर नवा बर्फ पडला होता. एकदोन दिवस उघडीप मिळाली आणि ७ जूनच्या सकाळी मॅलरी, सॉमर्व्हेल, क्रॉफर्ड हे तीन इंग्रज आणि चौदा भारवाहक नॉर्थ कोलच्या उतारावर चढू लागले.

पहिल्या दोरावर तिघे साहेब आणि एक भारवाहक. मागे तीन दोरांवर तेराजण. उतारावरचा बर्फ धरून आहे की नाही याची त्यांनी आपल्या परीने चाचणी घेतली आणि तो धरून आहे असे ठरविले. अशा बर्फाची पारख त्या वेळी आल्प्सच्या अनुभवावरून केली जात होती. हिमालयातला मोसमी बर्फ, त्यावर तापणारे ऊन आणि खालचा जुना थर यांचे गणित वेगळे असते हे अजून कोणाला नीट ठाऊक नव्हते. दुपारी दीडच्या सुमारास, खिंड काही शे फुटांवर राहिली असता, बर्फाचा थर सुटला. पहिला दोर थोडा घसरून थांबला. चौघेही बर्फातून बाहेर पडले. त्यांच्या मागचा दोरही खाली जाऊन थांबला. शेवटच्या दोन दोरांवरचे नऊजण मात्र बर्फाच्या एका कड्यावरून खालच्या भेगेत फेकले गेले आणि त्यांच्यावर बर्फ कोसळला. हातांनी, कुऱ्हाडींनी उकरून दोघांना जिवंत बाहेर काढता आले. सातजण मेले.

एव्हरेस्टवरच्या चढाईत मेलेली ही पहिली माणसे. त्यांच्यात एकही साहेब नव्हता.

मृतदेह त्यांच्या साथीदारांच्या इच्छेप्रमाणे तेथेच बर्फात राहू दिले. खाली रोंगबुकच्या मठात लामांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केल्या. सॉमर्व्हेल हा डॉक्टर. मेलेल्यांत आमच्यापैकी एखादा तरी असता तर बरे झाले असते, अशी टोचणी त्याला लागली, म्हणजे निदान उरलेल्या शेर्पांना कळले असते की धोका सर्वांनी सारखा वाटून घेतला होता. या मोहिमेनंतर तो हिंदुस्थानातच राहिला आणि त्रावणकोरमधल्या नेय्यूरच्या मिशन इस्पितळात त्याने अनेक वर्षे शस्त्रक्रिया केल्या.

आणि मॅलरी? त्याने बायकोला आणि लंडनच्या मंडळींना पत्रे लिहिली आणि दोष स्वतःकडे घेतला. हवामानावर, दैवावर, भारवाहकांच्या अडाणीपणावर ढकलण्यासारखे पुष्कळ होते. त्याने तसे केले नाही. बर्फाची पारख करण्यात आपण कमी पडलो, आणि ज्या माणसांना सांभाळण्याची जबाबदारी आपल्याला सर्वांत मोठी वाटत होती तीच आपल्या हातून पार पडली नाही, असा त्या पत्रांचा आशय आहे. डोंगराचे धोके न कळणारी ती लेकरे होती, असाही त्याचा सूर आहे. हा सूर मला खटकतो. साम्राज्याच्या काळातल्या साहेबाला काळा माणूस लेकरूच दिसायचा. पण त्याच काळातले किती साहेब त्या लेकरांच्या मरणाचा हिशेब आपल्या नावावर मांडीत होते, हेही विचारले पाहिजे. लंडनमध्ये त्याच्यावर टीका झाली. त्याने स्वतःवर केली होती त्याहून ती कडक नव्हती.

या सात माणसांची आठवण त्या काळी अगदीच बुजली असे नाही. १९२४ मध्ये शामोनी येथे झालेल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये गिर्यारोहणाचे पारितोषिक १९२२ च्या मोहिमेला मिळाले आणि त्या सन्मानात हे सातही मृत धरले गेले. पण पदक देणे वेगळे आणि चरित्रांत जागा देणे वेगळे. मॅलरीवरच्या लेखांत बहुधा त्यांना एक वाक्य मिळते : सात भारवाहक ठार झाले. पुढच्या वाक्यात लेखक १९२४ कडे वळतो.

मीही आता तिकडेच वळणार आहे, पण त्या सातांना बरोबर घेऊन.

१९२३ मध्ये मॅलरी व्याख्याने देत अमेरिकेत फिरला. पैसा बेताचाच मिळाला. तेथेच एका वार्ताहराने, एव्हरेस्ट कशासाठी चढायचा, असे विचारले असता त्याने दिलेले तीन शब्दांचे उत्तर जगभर झाले. त्या उत्तरावर आजवर इतके लिहिले गेले आहे की मी ते येथे देत नाही. कंटाळलेल्या माणसाने झटकून टाकलेले ते उत्तर असावे असे मला तरी वाटते. त्याच वर्षी त्याला केंब्रिज विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण विभागात नोकरी मिळाली. कामगारांना, प्रौढ स्त्री-पुरुषांना संध्याकाळच्या वर्गांत इतिहास शिकवायचा. हे काम त्याला मनापासून आवडले. कुटुंब केंब्रिजला राहायला आले. इतक्या वर्षांनी त्याला हवे तसे घर आणि हवा तसा वर्ग मिळाला होता, आणि तेवढ्यात १९२४ च्या मोहिमेचे बोलावणे आले.

जावे की न जावे, या प्रश्नाने त्याला फार छळले. या वेळी ते गिर्यारोहण नसून युद्धच असेल आणि आपण परत येऊ असे वाटत नाही, असे तो जेफ्री केन्सजवळ बोलल्याचे केन्सने नोंदविले आहे. मग गेला कशासाठी? महत्त्वाकांक्षा होतीच, ती नाकारणे खोटेपणाचे होईल. शेवटी दुसरे कोणी शिखर गाठले आणि आपण केंब्रिजमध्ये बसून राहिलो, हे त्याला सोसले नसते. पण मला असेही वाटते की ७ जून १९२२ चा उतार त्याने अर्धा सोडला होता. ज्या पर्वतावर आपल्यामुळे सातजण राहिले त्याच्याकडे पाठ फिरवून सुखाने इतिहास शिकविणे त्याला जमले नसते. हा माझा तर्क. वर तर्कावर मी टीका केली आहे, म्हणून हा तर्क आहे हे स्पष्ट सांगतो.

फेब्रुवारीअखेर लिव्हरपूलहून निघालेली त्याची बोट मार्चमध्ये मुंबईला लागली. तेथून आगगाडीने कलकत्ता आणि दार्जिलिंग. त्याच बोटीवर एकवीस वर्षांचा अँड्र्यू अर्विन होता : ऑक्सफर्डचा विद्यार्थी, पट्टीचा नावाडी, यंत्रे खोलून पुन्हा जोडण्यात हातखंडा असलेला. डोंगराचा अनुभव मात्र थोडा. मॅलरीचे आणि त्याचे गूळपीठ जमले.

या मोहिमेचा वृत्तान्त वाचताना लोक धावत जूनकडे जातात. मला मे महिना अधिक महत्त्वाचा वाटतो. जनरल ब्रूस वाटेतच आजारी पडल्याने नॉर्टन नेता झाला होता. मे महिन्यात वादळामागून वादळ आले. दोन माणसे, मानबहादूर नावाचा चर्मकार आणि शमशेर नावाचा गुरखा, आजाराने आणि थंडीने दगावली. आणि अशातच कळले की नॉर्थ कोलवर चार भारवाहक अडकून पडले आहेत; नव्या बर्फाच्या उताराला भिऊन ते खाली उतरायला धजावत नाहीत. तो उतार म्हणजे १९२२ चाच उतार.

२४ मे रोजी नॉर्टन, सॉमर्व्हेल आणि मॅलरी त्यांना आणायला वर गेले. तिघांचीही प्रकृती धड नव्हती. मॅलरीला खोकल्याने बेजार केले होते. शिखराच्या दृष्टीने पाहिले तर ही खर्ची पडणारी ताकद होती, आणि मोहिमेतले सर्वांत दमदार तीन चढाऊ त्या कामी लागले. पण या तिघांतले दोघे ७ जूनला त्या उतारावर होते. सॉमर्व्हेल दोराच्या टोकाशी बांधून आडवा चालत गेला, वरच्या बाजूला नॉर्टन आणि मॅलरीने दोर धरून ठेवला. दोर थोडा अपुरा पडला. चौघांपैकी दोघे सुखरूप हाती आले. उरलेले दोघे सुटून घसरले आणि कड्याच्या अलीकडे जेमतेम थांबले. सॉमर्व्हेलने कुऱ्हाड रोवली, कमरेचा दोर सोडून तिला अडकविला, एका हाताने त्याचे टोक धरले आणि दुसऱ्या हाताने एकेकाला बखोटीला धरून ओढून घेतले. अंधार पडल्यावर ती मंडळी खालच्या तळावर आली. चौघेही जिवंत होते. या दिवशी उंचीचा कसलाही विक्रम झाला नाही, म्हणून शाळकरी पुस्तकांत तो नसतो.

त्यानंतर मॅलरीने घरी लिहिले त्यात यशाची आशा पन्नासात एक एवढीच धरली होती. जूनच्या आरंभी त्याने जेफ्री ब्रूसबरोबर एक प्रयत्न केला. वाऱ्याने भारवाहकांचा धीर सुटला आणि तो त्यांना घेऊन परत फिरला. ४ जून रोजी नॉर्टन एकटा, प्राणवायूवाचून, २८,१२६ फुटांपर्यंत जाऊन आला. सोबतचा सॉमर्व्हेल घशात अडकलेल्या आवरणामुळे गुदमरून मरता मरता वाचला. नॉर्टनला बर्फाच्या तिरिपीने तात्पुरते अंधत्व आले. आता एकच प्रयत्न शिल्लक होता. मॅलरीने या वेळी प्राणवायू वापरायचे ठरविले आणि जोडीला अनुभवी ओडेलऐवजी अर्विनला घेतले. या निवडीवर अजून वाद होतो. यंत्रे चालू ठेवणारा माणूस हवा होता हे कारण मला पटते. बावीस वर्षांच्या पोराला तेथवर न्यावे काय, हा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. येथे मॅलरीच्या बाजूने बोलणे मला कठीण जाते.

६ जून रोजी दोघे आठ भारवाहकांसह नॉर्थ कोलवरून निघाले. पाचव्या तळावरून चौघांना परत पाठविले. ७ जून रोजी उरलेले चौघे ओझी घेऊन जवळजवळ २७,००० फुटांवरच्या सहाव्या तळापर्यंत गेले. तारीख पाहावी : बरोबर दोन वर्षे झाली होती. त्याच दिवशी मॅलरीने त्या चौघांना खाली धाडले. त्यांच्याजवळ दोन चिठ्ठ्या होत्या. एक छायाचित्रकार जॉन नोएलला, उद्या किती वाजता कोठे पाहायचे याची. त्यात सकाळच्या आठच्या जागी त्याने संध्याकाळचे आठ लिहून ठेवले. दुसरी ओडेलला : तंबू अस्ताव्यस्त टाकून निघालो याबद्दल दिलगिरी, स्टोव्ह उतारावरून घरंगळत गेला, आणि होकायंत्र खाली राहिले आहे. विजेरीदेखील तो सहाव्या तळावरच्या तंबूत विसरला. ती पुढे १९३३ मध्ये तेथे मिळाली. मॅलरी अखेरपर्यंत मॅलरीच राहिला.

ते चौघे संध्याकाळी पाचव्या तळावर ओडेलला भेटले, चिठ्ठ्या दिल्या, ओडेलबरोबरच्या आजारी भारवाहकालाही सोबत घेतले आणि त्याच दिवशी नॉर्थ कोलवर उतरले. सगळे धडधाकट पोचले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला दहा मिनिटे कमी असताना ढग फाटले आणि ओडेलला धारेवर ते दोन ठिपके दिसले. नंतर बर्फाचे वादळ आले. १० जूनला तो एकटा पुन्हा सहाव्या तळापर्यंत चढला. तंबू होता तसाच होता. त्याने दोन झोपण्याच्या पिशव्या बर्फावर इंग्रजी टी अक्षरासारख्या मांडल्या. खालून पाहणाऱ्यांसाठी ती खूण ठरलेली होती.

केंब्रिजला रूथला बातमी कळली १९ जूनला. १७ ऑक्टोबरला लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये शोकसभा झाली, तिला खुद्द राजा हजर होता. रूथने तीन मुले वाढविली, १९३९ मध्ये दुसरे लग्न केले आणि १९४२ मध्ये ती वारली. मॅलरीचा धाकटा भाऊ ट्रॅफर्ड हवाईदलात फार मोठ्या पदाला चढला आणि १९४४ मध्ये पूर्वेकडच्या नव्या नेमणुकीवर निघाला असता त्याचे विमान आल्प्समध्येच कोसळले. मॅलरी आणि रूथ यांची पत्रे मॉडलिन कॉलेजाने जपून ठेवली आहेत आणि २०२४ मध्ये ती सर्वांना वाचण्यासाठी खुली झाली आहेत. आमच्यापैकी ज्यांना पत्रांतून इतिहास वाचायची आवड आहे त्यांनी ती अवश्य वाचावीत.

१९२४ च्या जूनमध्ये मोहिमेची माणसे पायथ्याचा तळ उठविण्यापूर्वी दगड गोळा करीत होती. तीन मोहिमांतल्या मृतांसाठी त्यांनी एक दगडी चौथरा रचला आणि पाट्यांवर नावे कोरली. मॅलरी आणि अर्विन होते; १९२१ चे डॉ. केलस होते, त्या वर्षीचे मानबहादूर आणि शमशेर होते, आणि १९२२ च्या ७ जूनचे सातहीजण होते. काम आटोपल्यावर त्यांनी तंबू गुंडाळले आणि मंडळी तिबेटच्या वाटेने परत निघाली.